कल्हईवाले साहेब आणि दोन चाड्यांची तिफन

मनोहरराव निमजे पिंपळखुटीला पहिल्यांदा आले ते एस.टी.च्या टपावर बसून. तिकीट त्यांनी आतलंच काढलं होतं. पण त्यांच्याबरोबर जी मंडळी होती, म्हणजे पत्र्याची एक लांबलचक पेटी, दातेरी चाकं, सायकलची साखळी, नरसाळी आणि रबरी नळ्यांचं एक भलंमोठं वेटोळं, त्या मंडळींना आत घ्यायला कंडक्टरने साफ नकार दिला. आणि त्यांना वर उन्हात टाकून आपण खाली सावलीत बसावं, हे मनोहररावांच्याने होईना. नागपूर सोडल्यापासून उमरेड रस्त्यावरच्या झाडून साऱ्या बाभळींनी त्यांची विचारपूस केली. एकीने टोपी ठेवून घेतली, दुसरीने सदऱ्याची बाही. गळ्यात साखळी, काखेत नरसाळी आणि कमरेला नळ्यांचं वेटोळं अशा थाटात ते फाट्यावर शिडीने उतरू लागले, तेव्हा पानठेल्यावरच्या लोकांना वाटलं की गाडीचं इंजिनच कंटाळून खाली उतरत आहे. एका बैलाने दावं तोडलं. सासरी निघालेली एक नवी नवरी तेवढ्या निमित्ताने माहेरी परत गेली. गावातली कुत्री त्या दिवशी जी भुंकायला लागली ती, पिंपळखुटीचे लोक अजून सांगतात, थेट पोळ्यालाच थांबली.

या सगळ्या गोंधळात एकच बाई शांत होती. ती म्हणजे जनाबाई. ती घरात गेली, पितळेचा एक गळका गुंड घेऊन आली आणि तो मनोहररावांसमोर आदळून म्हणाली, "काय घेशीन गा कल्हईवाल्या, याले डाग द्यायचे?"

विदर्भात पाण्याच्या घागरीला गुंड म्हणतात, एवढं बाहेरच्या वाचकांनी लक्षात ठेवलं म्हणजे मनोहरराव का घाबरले नाहीत ते कळेल.

"मी कल्हईवाला नाही जी बाई," मनोहरराव म्हणाले. "मी नागपूरच्या औजार केंद्रातून आलो. शेतीची सुधारित यंत्रं..."

"ते राहू दे. डाग देता येते का नाही, येवढं सांग."

आता आली पंचाईत. डाग देता येत होता. सामानही बरोबर होतं. आणि येत असलेल्या कामाला नाही म्हणणं मनोहररावांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. ते तिथेच उकिडवे बसले, गुंड पालथा घातला आणि त्याचं भोक बुजवून दिलं. जनाबाईने पाणी भरून पाहिलं, मान डोलावली आणि ओंजळभर ज्वारी त्यांच्या रुमालात टाकली. तेव्हापासून त्या गावात त्यांचं नाव कल्हईवाले साहेब. हे सन १९७४.

मनोहरराव मूळचे नागपूरच्या गोळीबार चौकातल्या विणकराच्या घरचे. वडिलांचा हातमाग होता, आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. मागाच्या खटखटीत वाढल्यामुळे असेल, त्यांना कोणतंही यंत्र शांत उभं असलं की बेचैन व्हायचं. सक्करदऱ्याच्या पलीकडे, टिनाच्या एका शेडात 'ग्रामोन्नती औजार केंद्र' नावाची संस्था होती. तिच्या प्रात्यक्षिक विभागात ते नोकरीला लागले. म्हणजे तो विभाग ते एकटेच होते. केंद्रात तयार झालेलं औजार गावात न्यायचं, चालवून दाखवायचं आणि तिथे रुजवून यायचं, असं कामाचं स्वरूप.

औजारं रुजत होती, यात शंका नाही. मांढळकडच्या एका गावात त्यांनी धान्य उफणायचा हाताचा पंखा दिला होता. तो पंखा लोकांनी इतका वापरला की त्याचे दांडे झिजले. फक्त तो खळ्यात न वापरता वैशाखातल्या लग्नांत व्याह्यांना वारा घालायला वापरला. फवारणीचा पंप दुसऱ्या गावाने वरातीवर गुलाबपाणी उडवायला ठेवून घेतला, आणि 'साहेबाचा पंप' आल्याशिवाय त्या पंचक्रोशीत नवरदेव घोड्यावर चढेनासे झाले. मक्याचे दाणे काढायचं यंत्र ज्या गावात दिलं तिथे मका कोणीच पेरत नव्हतं. तिथल्या लोकांनी ते देवळाच्या ओट्यावर मांडून त्याला शेंदूर मात्र लावला. एकूण वापर भरपूर होता. शेतात तेवढा नव्हता.

केंद्राचे प्रमुख पांढरीपांडे साहेब यांना या गोष्टी कळत गेल्या. ते तिरसट नव्हते, फक्त त्यांना विनोद आवडत नसे. त्यांनी मनोहररावांना बोलावून सांगितलं, "निमजे, या मृगात तुमचं एक तरी औजार एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात चालताना मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाही तर तुमचा विभाग बंद. तुम्ही भांडारात बसा आणि कुदळी-फावडी द्या-घ्या."

भांडाराला एकच खिडकी होती आणि ती भिंतीकडे उघडायची. म्हणून मनोहरराव पेरणीची पेटी घेऊन बसच्या टपावर चढले होते.

पेटीची कल्पना सोपी होती. आपल्याकडे तिफणीने पेरतात. तिफणीला तीन फण असतात, त्यांना जोडलेल्या पोकळ नळ्या वर एका लाकडी वाटीत येतात. त्या वाटीला म्हणतात चाडं. पुरुष बैल हाकतो, आणि मागे चालणारी बाई ओटीतलं बियाणं मुठीमुठीने त्या चाड्यात सोडत जाते. चाड्याच्या जागी मनोहररावांची पेटी बसवली की चाक फिरेल, साखळी ओढेल, बी आपोआप पडेल. बाईचं काम नाही. एका मजुरीची बचत.

जनाबाईचा दीर रुपराव म्हणजे घरचा कर्ता. पाच एकराचं वावर, एक बैल स्वतःचा आणि दुसरा शेजारच्या शालिकरामचा. तुझा एक, माझा एक, आज तुझं वावर, उद्या माझं, असा दोघांचा जुना करार. त्यामुळे जोडीतला एक बैल उंच, एक ठेंगणा, आणि जू कायम तिरपं.

रुपराव म्हणाला, "साहेब, तुम्ही वहिनीचा गुंड झाळून देल्ला. आता नाही कसं म्हणू? लावा तुमची पेटी."

शालिकराम मात्र पेटीभोवती फिरून म्हणाला, "हे साखळी तुटली तं?"

"नागपुरात, इतवारीत मिळते."

"म्हणजे वाफसा इकडं आणि मी इतवारीत?"

"तुटत नाही हो साखळी!" मनोहरराव कळवळून म्हणाले.

मृग बरसून गेला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला. रुपरावची बायको जयवंता हिने नारळ फोडून पहिली मूठ टाकली आणि ती घराकडे भाकरी थापायला वळली. रुपरावने बैल हाकले. आणि, काय आश्चर्य, पेटी चालली! साखळी तुटली नाही, बी अडकलं नाही. ओळी अशा पडल्या की मनोहररावांच्या वडिलांनी ताणा लावला असता तर तोही इतका सरळ निघाला नसता. एकच अडचण आली. धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी गेलं की बैल आपोआप थांबायचे. वर्षानुवर्षं तिथे जनाबाई ओटी भरून घ्यायची आणि "चला जी राजे हो" म्हणायची. ते ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही अशी त्यांची समजूत होती. रुपराव शेपट्या पिळायचा, शिव्या द्यायचा, पण बैल मागे वळून पाहत उभे.

बैल कशाकडे पाहत आहेत म्हणून मनोहररावांनी पाहिलं. मागे जनाबाई होती.

तिने नेहमीप्रमाणे लुगड्याचा पदर खोचून ओटी बांधली होती. ओटीत काही नव्हतं. ती पेटीच्या मागे, नेहमीच्या अंतरावर, नेहमीच्या चालीने चालत होती. हात मोकळे होते. मधूनच उजवा हात उचलला जाई आणि ती तो आवरून पदरात घाली. तक्रार नाही, चेहऱ्यावर राग नाही. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती बाई नुसती चालत होती.

भाकरी घेऊन जयवंता आली तेव्हा मनोहररावांनी हळूच विचारलं, "या काहून चालून राहिल्या जी उन्हात? काम तर नाही."

जयवंता टोपलं खाली ठेवत म्हणाली, "तिले तरी कुठं ठाऊक, काहून चालून राहिली ते." मग भाकरीवरचं फडकं सोडत बोलली. "बाई सादी आहे जी, पण नवरा गेल्यापासून तिले कोणाच्या हळदीले बोलवत नाही, ओटी भराले बोलवत नाही. पहिली मूठ मी टाकतो, कारण मी सवाशीण. पण बाकीचं सारं वावर तिच्या हातचं. इथं तिले कोणी मागं हो म्हणत नाही. वर्षातून येवढं एक काम."

"मग तुम्ही आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही पेटी आणली, साहेब. तुमचा चेहरा किती आनंदी होता!"

शेत अर्धं पेरून झालं आणि पाऊस लागला. उरलेलं काम वाफशावर टाकून मनोहरराव नागपूरला परतले. घरी त्यांची बायको पुष्पलता वांगी चिरत होती. त्यांनी सगळं सांगितलं. यश मिळालेला माणूस इतकं पडेल तोंड करून सांगताना तिने पहिल्यांदाच पाहिला.

"म्हणजे पेटी चालली?" तिने विचारलं.

"एकदम फस्टक्लास."

"मग रडून काहून राहिले?"

"तुला आमची आई आठवते? माग विकल्यावर?"

पुष्पलताला आठवत होती. वडिलांनी माग विकला, पण चरख्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. सासूबाई रोज दुपारी त्या चरख्याशी जाऊन बसायच्या आणि सूत नसलेलं चाक फिरवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, तेल सुकून राहिलं, फिरवावं लागते.

पुष्पलताने वांगी परातीत लोटली. "साहेब कधी येणार पाहायला?"

"पंधरा-वीस दिवसांनी. जीप घेऊन."

"येऊन गेल्यावर काढा मग पेटी. तोवर राहू द्या."

हा सल्ला व्यवहाराचा होता आणि मनोहररावांना तो पटलाही. दुसऱ्या दिवशी ते बसमध्ये बसले तेव्हा तसंच करायचं ठरवून बसले होते. पण पिंपळखुटीत उतरले तेव्हा जनाबाईने त्याच गुंडातलं पाणी त्यांना दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून पाना काढला आणि पेटीचे नट सोडवायला घेतले.

"बिघडली का जी?" रुपरावने विचारलं.

"नाही. या घराच्या मापाची नाही ती."

रुपराव बाजूला बसला. त्याने नट एकेक करून आपल्या टोपीत धरले, आणि शेवटचा नट निघाल्यावर म्हणाला, "बैलही म्हणतच होते."

पेटी निघाली, पण मनोहररावांचे हात मोकळे राहणं शक्य नव्हतं. ओसरीवर रासायनिक खताचं एक पोतं होतं, रुपराव आणि शालिकराम यांनी निम्मं-निम्मं घेतलेलं. एवढं महागाचं खत दोघंही वावरभर फेकून द्यायचे आणि ते निम्मं तणालाच पोसायचं. मनोहररावांच्या डोक्यात आलं, बियाण्याला चाडं आहे तसं खतालाही एक चाडं दिलं तर? पेटीच्या रबरी नळ्या होत्याच. गावातले सुतार नत्थूजी यांनी बाभळीच्या लाकडाचं दुसरं चाडं कोरून दिलं. ते पहिल्या चाड्याच्या मागे बसलं. साखळी नाही, चाक नाही, इतवारीला जायला नको. फक्त त्याच्यात खत सोडायला आणखी एक बाई पाहिजे.

आधी परसात दोन-चार ओळी पेरून पाहिल्या. बाकी परस हिरवं झालं, त्या ओळी मात्र टकलासारख्या चमकत राहिल्या. खत बियाण्याच्या अंगावर पडत होतं आणि कोंब जळत होता. मनोहरराव डोक्याला हात लावून बसले.

जनाबाई आणि जयवंता तिथेच उभ्या होत्या. सकाळपासून दोघींचं चुलीच्या राखेवरून वाजलं होतं आणि अजून त्या एकमेकींकडे पाठ करून होत्या.

जनाबाई म्हणाली, "बियाणं आन खत म्हणजे जावाजावा व्हय, साहेब. जवळ पाहिजे, पण एका चुलीवर नाई पाहिजे."

"हो वं बाई," जयवंता पाठमोरीच म्हणाली. "आन खत कोण, तेही सांग."

"जळवते ते!"

रुपराव इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि मनोहररावांनी त्या दोन जावांच्या मधलं अंतर नीट पाहून घेतलं. खताच्या नळीचं तोंड त्यांनी फणाच्या मागे घेऊन थोडं बाजूला वळवलं. पुढच्या ओळी तरारून आल्या.

वाफसा आल्यावर उरलेलं वावर दोन चाड्यांच्या तिफणीने पेरलं. पुढच्या चाड्यावर बियाणं घेऊन जनाबाई, मागच्यावर खत घेऊन जयवंता. अर्धं वावर दोघी भांडत गेल्या. नंतरचं अर्धं दोघी मिळून रुपरावच्या खोड्या काढत गेल्या. धुऱ्याशी बैल थांबले, जनाबाईने ओटी भरली, "चला जी राजे हो" म्हटलं आणि बैल निघाले.

नेमक्या त्याच वेळी पांढरीपांडे साहेबांची जीप आली. साहेब धुऱ्यावर छत्री उघडून उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"निमजे, पेटी कुठे आहे?"

"काढली, साहेब."

"चालत नव्हती?"

"चालत होती."

साहेबांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आधी तिफणीमागे किती बाया होत्या?"

"एक."

"आणि तुमच्या सुधारणेनंतर?"

"दोन, साहेब."

"अहो, यंत्र माणसं कमी करायला असतं! तुम्ही वाढवली! हे मी अहवालात काय म्हणून लिहू? सुधारित जाऊ?"

पांढरीपांडे साहेबांनी आयुष्यात केलेला हा बहुधा एकमेव विनोद. त्यांच्या स्वतःच्याही तो लक्षात आला नाही. त्यांनी चहा घेतला, मग ते जनाबाईच्या गुंडातलं पाणी प्यायले आणि निघून गेले. पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक विभाग बंद झाला. मनोहरराव भांडारात, भिंतीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी जाऊन बसले आणि कुदळी देऊ-घेऊ लागले.

त्या वर्षी रुपरावच्या वावराचे उघड दोन भाग दिसत होते. पेटीने पेरलेला ठीक, आणि चाड्याने पेरलेला गडद हिरवा. शालिकराम ते रोज येऊन पाहायचा. पुढच्या मृगाआधी त्याने नत्थूजींकडून चाडं कोरून घेतलं. मग त्याच्या साडूने घेतलं. मग उमरेडच्या बाजारात एक सुतार चाडीच घेऊन बसू लागला. ज्या बायांना पेरणीत काम मिळत नव्हतं त्यांना मिळू लागलं, म्हणून बायाही घरोघरी म्हणू लागल्या की एका चाड्याने पेरलेलं काही खरं नाही. या साऱ्या प्रकारात केंद्राचा किंवा मनोहररावांचा कोणाला पत्ता नव्हता. तिफणीला लोक 'जावांची तिफन' म्हणायचे, आणि नवखा माणूस त्याचा अर्थ विचारायचा तेव्हा प्रत्येक गाव वेगळी कहाणी सांगायचं.

मनोहररावांना हे सगळं बरंच उशिरा कळलं. पुष्पलताच्या भाचीचं लग्न उमरेडला होतं. जून महिना. बसच्या आत, सावलीत, खिडकीशी ते बसले होते. बाहेर एका वावरात तिफन चालली होती आणि तिच्यामागे दोन बाया होत्या. पुढच्या वावरातही दोन. मनोहररावांनी पुष्पलताला कोपराने ढोसलं. तिने खिडकीतून पाहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. मग तिनेच कंडक्टरला सांगितलं, "पिंपळखुटी फाट्यावर थांबवा हो. लग्नाले उशीर झाला तं होऊ द्या."

घरी फक्त जयवंता होती. "अजी कल्हईवाले साहेब!" म्हणून तिने खाट टाकली.

"जनाबाई कुठे?"

"ते कुठं घरी राहते आता मृगात? आज तुळजाबाईच्या वावरात, उद्या मारोतरावच्या. दोन बाया लागतात, तं एक जनाबाईच पाहिजे म्हणते जो तो. हात बरोबर आहे तिचा." जयवंताने डोळे मिचकावले. "मारोतरावच्या घरी तं सुनेले दिवस गेले होते, म्हणून पहिली मूठही हिनंच टाकली. मी म्हटलं, वं बाई, तू कशी? तं मारोतराव काय म्हणते, जिचं वावर उगवते ते सवाशीण."

पुष्पलताने पदराने डोळे पुसले आणि धूर नसलेल्या चुलीला दोष दिला. मनोहररावांनी कोपऱ्यात ठेवलेला पितळी गुंड पाहिला. त्याच्याखाली एक ताटली ठेवलेली होती.

"गळते का जी हा?"

"लय दिवसापासून," जयवंता म्हणाली. "पण दुसऱ्या कोणाले ते हात लावू देत नाही. म्हणते, साहेबच येतीन."

मनोहररावांजवळ सामान नव्हतं, आणि लग्नाला खरोखर उशीर झाला होता. पुढच्या वेळी नक्की, असं सांगून ते निघाले.

१९८३ साली ते भांडारातून निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढे पिंपळखुटीकडे सोयाबीन आलं, आणि सोयाबीनमागोमाग भाड्याचा ट्रॅक्टर आला. पेरणी एका सकाळीत उरकू लागली. १९८७ नंतर रुपरावच्या घरची तिफन गोठ्याच्या आढ्यावर पडून आहे, आणि गुंडाला डाग द्यायचं राहून गेलं.